व्ही वरणाचा

आमच्या घरात भूत हा विषय फक्त लाईट गेल्यावर निघायचा आणि लाईट आले की संपायचा. त्यामुळे या सदरात आपण कधी काही लिहू असं मला वाटलं नव्हतं. इथले अनुभव मी वाचते, पण मनातल्या मनात चुका काढत वाचते. माझ्या अनुभवातही तुम्ही जरूर काढा. मी काढून काढून दमले आहे.

मी कोथरूडला राहते आणि तिथल्याच एका लहान ऑफिसात काम करते. आमचं काम म्हणजे विमानांना नंबर मिळवून देणं. ओळखीचे लोक मला 'विमानांची आरटीओ एजंट' म्हणतात, आणि ते फारसं चुकीचं नाही. नंबर म्हणतात खरं, पण त्यात आकडा नसतो, नुसती इंग्रजी अक्षरं असतात. भारतातल्या विमानाची सुरुवात व्हीटीने होते, पुढची तीन अक्षरं दिल्लीहून मिळतात. आपण पसंती कळवायची, ती मोकळी असेल तर मिळते. एसओएस मागून मिळत नाही, कारण उघड आहे. बाकी लोक काय वाट्टेल ते मागतात. एकाला सासऱ्यांची आद्याक्षरं हवी होती, एकाला राशीप्रमाणे. आम्ही कुणाला हसत नाही, निदान समोर तरी नाही.

हे विमान दोन सीटचं, शिकाऊ मुलांसाठी घेतलेलं. मालक आसामचे. सुटे भाग पुण्यात येऊन इथल्या एका हँगरमध्ये जोडले गेले होते. ते उडवत आसामला न्यायचं आणि तिथेच काही महिने राहून मुलांना शिकवायचं, असं काम माझ्या धाकट्या भावाने घेतलं होतं. मंदार पायलट आहे. सतत कुठेतरी. पुण्यात आला की आईकडे, म्हणजे माझ्याकडेच, चार दिवस टेकायचा आणि निघायचा.

इथे एक घरातली गोष्ट सांगायला हवी. बाबा गेले तेव्हा मंदार असंच एक विमान पोचवायला ईशान्येकडे गेला होता. हवामान बिघडलं, तो अडकला आणि सगळं आटोपल्यावर पोचला. आई त्याला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर तो आला की ती ताट वाढायची, इस्त्रीचे कपडे हातात द्यायची आणि म्हणायची, "निघा आता. तुमचं विमान खोळंबेल." पोटच्या मुलाला अहो-जाहो! तो हसण्यावारी न्यायचा, पण घरात फार वेळ बसायचा नाही. मी दोघांच्या मध्ये.

तर नंबरची वाट बघत होतो. दुपारी जेवून नुकती जागेवर बसले होते. ऑफिसच्या लँडलाईनवर फोन आला, तो आमच्या सोनवणेंनी उचलला आणि माझ्याकडे दिला. "मॅडम, तुमचा. कुणीतरी आजोबा आहेत."

पलीकडचा माणूस सरळ कामाचं बोलला. "ताई, विमानाची अक्षरं लिहून घ्या. एन नळस्टॉपचा." मी लिहिलं. दुसरं अक्षर सांगितलं. (पूर्ण नंबर इथे देत नाही, विमान अजून उडतं आहे.) मग म्हणाले, "शेवटचा व्ही."

आम्ही मागितलेल्या नंबरात शेवटी डब्ल्यू होता. म्हणून मी मुद्दाम विचारलं, "व्ही की डब्ल्यू?"

"व्ही. वरणाचा."

मला वाटलं, आपला मोकळा नसेल, म्हणून शेजारचा दिला. दिल्लीत आमची कामं बघणाऱ्या माणसाने नवीन मराठी मदतनीस ठेवला असेल. मंदारला निघायची घाई, मालकांची रोज विचारणा. मी हँगरला अक्षरं कळवून टाकली. त्यांनी पंखाखाली आणि दोन्ही बाजूंना रंगवली. विमानात एक धातूची पाटी बसवावी लागते, आगीतही न वितळणारी, तिच्यावरही कोरली. मग प्रमाणपत्र आलं. त्यात शेवटी डब्ल्यू. आम्ही मागितला होता तोच.

कागदावर एक आणि अंगावर दुसरं, असं विमान जागचं हलू शकत नाही. रंग खरवडा, पाटी नवी करा, पुन्हा तपासणी... मंदारचं जाणं लांबलं. आमचे सर मला ओरडले नाहीत. उलट समजुतीने म्हणाले, "व आणि व. मराठी कानाचा दोष आहे हो हा." त्या समजुतीचा मला जास्त राग आला.

संध्याकाळी घरी मंदारनेही तेच सुरू केलं. "तू नीट ऐकलं नसशील. म्हणून तर जगभर व्हीला व्हिक्टर आणि डब्ल्यूला व्हिस्की म्हणतात."

"मी विचारलं होतं त्यांना," मी म्हणाले. "ते म्हणाले, व्ही वरणाचा. अजून किती स्पष्ट सांगायचं माणसाने?"

आई कोथिंबीर निवडत होती. ती थांबली. "काय म्हणाले?"

"व्ही वरणाचा."

"आणि डब्ल्यू?"

"डब्ल्यू नव्हताच ना, आई! तोच तर घोळ झालाय."

"डब्ल्यू वाटाण्याचा," आई म्हणाली, आणि कोथिंबीर तशीच टाकून आतल्या खोलीत गेली.

बाबा टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होते. गावांची, माणसांची नावं लाईनवर अक्षर अक्षर सांगण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. खात्याची शब्दांची यादी वेगळी होती, बाबांनी स्वतःची बनवलेली. डी डेक्कनचा, एन नळस्टॉपचा. वरण आणि वाटाण्यावरून तर साहेबांनी त्यांना झापलं होतं, कारण मराठीत दोन्ही 'व'च. "मला कळतंय ना," असं त्यांचं उत्तर. घरी आम्ही स्पेलिंग तसंच पाठ केलं. त्यामुळेच फोनवर ऐकताना मला काही खटकलं नाही. दुसऱ्या कुणाला खटकलं असतं.

मी दुसऱ्या दिवशी दिल्लीला विचारलं. आमचा तिथला माणूस म्हणाला, त्याने कुणालाही फोन करायला सांगितलं नव्हतं. त्याच्याकडे मराठी बोलणारं कुणी नाही. सोनवणेंना विचारलं. ते म्हणाले, "वयस्कर आवाज होता, खणखणीत. तुमचं नाव घेतलं." एवढंच. मी तर अक्षरांकडेच लक्ष दिलं होतं, आवाजाकडे नाही.

मंदारचा चेहरा मात्र उतरला. त्याने हँगरच्या लोकांना सांगून विमान पुन्हा उघडायला लावलं. कुठे तडा, कुठे गळती, कुठे सैल नट... बाबांनी थांबवलं म्हणजे काहीतरी असणार! मलाही मनातून तसंच वाटत होतं. काहीही सापडलं नाही. विमान ठणठणीत होतं.

तोवर तो घरी अडकलेला. आईबरोबर सकाळी भाजी आणायला जायचा. पहिले काही दिवस दोघं फक्त भाजीच्या भावावर बोलायचे. मग एकदा मी ऑफिसमधून आले तर दोघांचे डोळे लाल, आणि आई त्याला रागावत होती, "अरे गाढवा, तेव्हाच सांगायचंस ना, रडला होतास म्हणून!" अहो-जाहो संपलं होतं. मी चहा टाकायला आत गेले आणि तिथेच उभी राहिले.

नवीन तपासणीची तारीख मिळाली, त्याच आठवड्यात आई गेली. आजार नाही, काही नाही. दुपारी पाणी मागितलं, मंदारने आणून दिलं, त्याच्या हाताला धरून प्यायली आणि आडवी झाली. मी ऑफिसात होते. पोचले तेव्हा तो तिचा हात धरून बसला होता आणि सोडायला तयार नव्हता.

विमान दुसऱ्या पायलटने नेलं. आजही व्यवस्थित उडतंय, मुलं शिकताहेत.

मंदारचा पक्का विश्वास आहे, बाबांनी ते त्याच्यासाठी केलं. मी वाद घालत नाही. बाबांच्या काळातला कुणी ऑपरेटर असेल, त्यांची यादी ऐकलेला... पण त्याला माझं विमान कसं माहीत? मला खरोखर माहीत नाही. आणि मला त्याहून वेगळंच छळतं. अक्षरं सांगून झाल्यावर त्या माणसाने फोन ठेवला नव्हता. पलीकडे श्वास ऐकू येत होता. मी म्हणाले, "अजून काही?" तो म्हणाला, "नाही. तुझं जेवण झालं?"

ओळख ना पाळख आणि एकदम 'तुझं'? मला ते आगाऊपणाचं वाटलं. मी म्हणाले, "कामाचं असेल तर बोला," आणि फोन ठेवून दिला.