खिडकीत राहिलेली काच

प्रयोगशाळेतल्या या मदतनीस बाईला सगळे जपूनबाई म्हणायचे. कुणी काचेची वस्तू उचलली रे उचलली, की ही कुठूनतरी ओरडायचीच, "जपून!" बावीस वर्षांत तिच्या हातून एकही बीकर फुटला नव्हता, आणि हे तिने प्रत्येकाला किमान दोनदा ऐकवलेलं. नवरा बिचारा घरी कपसुद्धा दबकत विसळायचा.

तिथे संशोधन करणारी एक मुलगी होती, बाईंच्या भाचीच्या वयाची. तिचं काम ग्राफीन ऑक्साइडचं. म्हणजे पेन्सिलीच्या शिशाचं नातलगच, पण अंगाला ऑक्सिजन चिकटलेला, म्हणून विजेला दारातच उभं करणारं. काचेवर त्याचा चहाच्या डागासारखा पातळ थर द्यायचा, बाईंनी तो कपाटात वाळवायचा, मग कडेला क्लिप लावून काच खारट पाण्यात सोडायची आणि वीज द्यायची. ऑक्सिजन निघाला की थर काळा होतो आणि वीज वाहू देतो.

झाला होता काळा. एकदाच, गेल्या मंगळवारी, अख्खाच्या अख्खा. त्यानंतरच्या नऊ काचांवर क्लिपपाशी नखाएवढा डाग, पुढे ढिम्म. येत्या शुक्रवारी सरांसमोर जमलं नाही तर विषयच बंद होणार होता.

"बाई, त्या काचेचं तुम्ही काही वेगळं केलं होतं का हो?"

"मी? छे गं! कपाटातच वाळवली. अंधारात."

बोलून बसली, आणि कान तापले. कारण त्या वेळी कपाट भरलेलं, म्हणून ती काच दोन दिवस खिडकीत होती, चांगली उन्हात. आणि कपाटावरची 'उजेड लागू देऊ नये' ही चिठ्ठी कुणाच्या अक्षरात? हिच्याच!

कबूल करायला जीभ रेटेना, पण कुतूहलही गप्प बसू देईना. बाईंनी गुपचूप एक काच खिडकीत टेकवली. पाठीवर नावाची चिठ्ठी चिकटवून, सवयीने. चिठ्ठीवाली बाजू उन्हाकडे.

बुधवारी पाहते तर थर काळपट झालेला. चिठ्ठी सोलली, तर तिच्या सावलीतला चौकोन तसाच तपकिरी! बाई काच घेऊन धावलीच. हो, धावली. जपून वगैरे काही नाही.

"पोरी, मी खोटं बोलले. ती काच उन्हात होती. ही बघ."

मुलगी रागावायचंच विसरली. काच पाण्यात, वीज चालू. क्लिपपासून काळेपणा सरकत निघाला, पार दुसऱ्या टोकापर्यंत गेला. फक्त चिठ्ठीच्या चौकोनापाशी अडला.

"अहो बाई, उन्हाने थोडा ऑक्सिजन आधीच काढलाय! विजेला पुढे जायला वाट झाली. नुसत्या विजेला ती सापडतच नव्हती." मुलीने वही ओढली. "लिहिते, बाईंनी काच खिडकीत ठेवली."

"चुकून ठेवली, असं लिही."

"कशाला हो?"

"एकदा खोटं बोलले ना? पुरे झालं."

शुक्रवारी सरांनी उन्हात ठेवलेल्या तीन काचा अख्ख्या काळ्या होताना पाहिल्या आणि विषय चालू ठेवला. मग तो तपकिरी चौकोन नीट बघायला त्यांनी चिठ्ठीवाली काच उचलली.

"जपून!" बाई ओरडली.