सूनबाईंना गादी हवी होती

किस्से आम्ही काही जमवत नाही हो. नुसते खेळायला बसतो आणि उठेपर्यंत दोन-तीन झालेले असतात!

दर रविवारी दुपारी उंब्रजला सलीमभाईंच्या टेलरिंग दुकानाच्या माडीवर आमचा दरबार भरतो. फासे टाकायचे, आपापल्या पात्राच्या तोंडून बोलायचं आणि सगळ्यांनी मिळून एका काल्पनिक राज्याची गोष्ट पुढं न्यायची. गोष्ट चालवणारा मी, म्हणून राजाही मीच. सलीमभाई राजवैद्य. रिटायर सुभेदार आप्पा सेनापती. आणि त्यांची सून स्वाती धाकटी राणी. तिला गादी हवी. काहीही करून हवी!

* * *

पहिल्याच दिवशी तिनं सेनापतीला चिठ्ठी सरकवली, 'उद्या बंड आहे, सामील व्हा.'

आप्पा ताडकन उठले आणि मला सॅल्यूट ठोकला. "महाराज, उद्या दुपारी बंड हाय. तुमी टायमावर हजर ऱ्हावा!"

स्वातीनं कपाळावर हात मारला. "मामंजी, ते गुपित होतं!"

"मग लिवून कशाला दिलंस?"

* * *

मग विष आलं. राणीनं सरबताचा पेला राजापुढं केला. फासे सहा-सहा! मी मरणार, तेवढ्यात आप्पा गरजले, "थांबा! आधी पाव्हण्याला द्या. रीत हाय का न्हाई?"

पाहुणा म्हणजे राणीचा सख्खा भाऊ. तिच्याच मदतीला फौज घेऊन आलेला. गेला बिचारा!

* * *

पुढच्या खेपेला विष राणीनं फितवलेल्या राजवैद्याच्या हाती. सलीमभाई औषधात थेंब टाकणार, इतक्यात खालून गिऱ्हाईकाची हाक आली. ते जिन्यातून ओरडले, "राजाला पाच मिनिटं जित्ता ठेवा रं, ब्लाउज दिऊन आलोच!"

परत येऊन त्यांनी मला शांतपणे मारलं. गिऱ्हाईक मात्र ब्लाउज न घेताच पळालं होतं.

* * *

परवा तर कहरच! राजा मेलेला, गादी मोकळी, आणि सेनापती राणीच्या वाटेत आडवा उभा.

"महाराजांचं मीठ खाल्लंय. मी जित्ता हाय तवर गादीवर कुणी बसायचं न्हाई!"

राजा गेल्यावर मी पहारेकरी झालो होतो. स्वातीनं फासे टाकले आणि मला फितवलं. आता तिनं फक्त हुकूम द्यायचा. घरात सासऱ्यापुढं कधी आवाज न चढवणारी पोरगी ती.

ती उठली. डोक्यावर पदर घेतला आणि वाकून आप्पांच्या पाया पडली.

"औक्षवंत हो, पोरी," आप्पा म्हणाले.

"व्हय, मामंजी." आणि ती माझ्याकडं वळली. "उडवा मुंडकं!"