नागपूरची तार

व्हायोलिनच्या गजाला राळ लावली की तिच्या वासासरशी मला पांढरकवड्याचा तो गणेशोत्सव आठवतो. मी तिथे नवा शिक्षक होतो आणि संध्याकाळच्या भजनाला मला व्हायोलिनची साथ करायची होती. दुपारी मंडपात सूर लावताना तिसरी तार तुटली. दुकानातून आणलेली पोलादी तार चढवली, तर ती नुसती किंचाळायला लागली. शेजारीच एक म्हातारा पिंजारी देवाच्या गादीसाठी कापूस पिंजत बसला होता. हात थांबवून तो म्हणाला, "मास्तर, हे तार रडून राह्यली." मग त्याने आपल्या धनुकलीला लावायच्या तातीची वेटोळी काढली, एकेकीचं टोक दातात धरून ताणलं, बोटाने छेडून ऐकलं आणि सगळ्यांत बारीक तात माझ्यापुढे धरली. बकऱ्याच्या आतड्याची तात देवापुढे कशी वाजवायची, म्हणून मी घुटमळलो. "देवाची गादी कायनं पिंजून राह्यलो मी?" तो शांतपणे म्हणाला. मी तात चढवली. आवाज असा भरदार निघाला, की भजन संपल्यावर मंडळाच्या अध्यक्षांनी सगळ्यांसमोर विचारलं, "इतकी गोड तार कुठून आणली?" माझ्या तोंडून निघून गेलं, "नागपूरहून." पिंजारी मागे खांबाला टेकून उभा होता. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला, तातीचं आणखी एक वेटोळं माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, "असू द्या मास्तर, नागपूर लय दूर आहे." ते वेटोळं अजून पेटीत राळेशेजारी पडून आहे, चढवायचा धीर काही झाला नाही.