कोपराशी आलेला खांब

त्या दिवसाचा जबाब अजून माझ्या कानात आहे. चंदीगडच्या एका पोलीस ठाण्यात मी बावीस वर्षे सफाईचे आणि पाण्याचे काम केले. मागच्या वर्षी निवृत्त झाले. गुन्हे पुष्कळ पाहिले, पण या एका गुन्ह्याबद्दल मी बाहेर कोणाजवळ बोललेले नाही. नावे लिहीत नाही.

सेक्टर ३० जवळच्या चौकात सकाळी एक लांब ट्रक डावीकडे वळला. बाजूने एक माळी सायकलवरून कामाला निघाला होता. ट्रकचे मागचे चाक त्याच्या पायावरून गेले. ट्रक थांबला नाही, नंबर कोणी पाहिला नाही. माळ्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

तिसऱ्या दिवशी खबर आली. शहराच्या कडेच्या मनीमाजऱ्यातला एक पंक्चरवाला आपण होऊन ठाण्यात आला. एका ट्रकच्या मागच्या टायरमधून त्याने सायकलच्या चाकाची तार काढली होती. ती पुडीत बांधून त्याने जपून ठेवली होती.

दुपारपर्यंत ट्रक आणि ड्रायव्हर दोन्ही आले. पंचनामा झाला. तार त्याच सायकलची निघाली. मी व्हरांडा पुसत होते. ड्रायव्हर ओल्या फरशीपाशी थांबला आणि चपला काढून हातात घेतल्या. अपघात करून पळालेला माणूस दुसऱ्याच्या फरशीचा विचार करत नाही, एवढे इतक्या वर्षांत मला कळत होते. मान वर केली तर माणूस ओळखीचा. आमच्या सांगलीकडचा, पस्तिशीचा. दोनदा आमच्या घरी जेवून गेलेला.

आमचे हे फौजेत ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर गावाकडून आलेल्या माणसांना दर रविवारी मैदानात जुन्या, आखूड सहाचाकी ट्रकवर शिकवत. ना शाळा, ना परवानगी, ना फी. वळणासाठी यांचा एकच धडा होता. कडेचा खांब आपल्या कोपराशी आला की स्टिअरिंगचे चाक मारायचे.

चौकशी सुरू झाली. घाबरून त्याच्या तोंडून मराठीशिवाय काही निघेना. लिहिणारे मुन्शीजी वैतागले. "जनाब, इसकी तो कैसेट ही अलग है!"

ठाण्याच्या साहेबांनी मला हाक मारली. "बीबी, तू महाराष्ट्र की है ना? आ जा, आज तू इन्स्पेक्टर."

सगळे हसले. मी पदराला हात पुसत उभी राहिले. ओळख दाखवली नाही.

"पूछ, रुका क्यों नहीं?"

"काकू, मला कळलंच नाही हो. पुढनं रस्ता मोकळा होता. आईशप्पत."

हे मी जसेच्या तसे सांगितले. साहेब म्हणाले, "अगला टायर निकल गया और पिछला चढ़ गया? ट्रक है कि साँप? पूछ, चलाना किसने सिखाया?"

त्याने माझ्याकडे पाहिले. "काकू, काकांनीच की. खांब कोपराशी आला की चाक मारायचं. मी तसंच मारलं."

मुन्शीजी पेन धरून थांबले होते. आता यांना आत बसवतील, एवढेच मला दिसले. मी म्हणाले, "बोलता है, किसी ने नहीं सिखाया. देख-देख के सीखा."

मुन्शीजींनी लिहून घेतले. ड्रायव्हर खाली बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी मोटार वाहन निरीक्षक आले. त्यांनी त्याच ट्रकच्या चाकांना ओला चुना लावला आणि ट्रक आवारात वळवून पाहिला. पुढच्या चाकांची रेघ बाहेरून गेली. मागच्या चाकांची चांगली दोन हात आतून गेली आणि कडेच्या विटांवर चढली. लांब गाडी वळवताना खांब पार खांद्यामागे जाऊ द्यावा लागतो आणि डाव्या आरशावरची नजर काढायची नसते, असे ते म्हणाले.

साहेब त्या दोन रेघांमधून चालून आले. "यार, ये तो सच बोल रहा था. इसे पता ही नहीं चला."

जाणूनबुजून पळाल्याचा आरोप गेला. पण साहेब पुढे बोलले, "किसी से छोटी गाड़ी सीखी होती, तो मालिक को पकड़ता कि लंबी क्यों दी. ये तो बिना सीखे ही बैठ गया."

बादली हातात घेऊन मी चार पावलांवर उभी होते. तेव्हाही बोलता आले असते. साहेब चांगला माणूस होता. मी बोलले नाही. ट्रकचा मालक सुटला. न शिकता अवजड गाडी चालवली, हा ठपका ड्रायव्हरवर बसला आणि त्याचा परवाना कायमचा गेला.

त्या संध्याकाळी यांना सगळे सांगितले. हे जेवले नाहीत. "फौजेत लांब गाडी दिली तेव्हा पहिल्याच दिवशी मला चुना लावून हे दाखवलं होतं," एवढेच म्हणाले. "मला वाटलं, ह्या गावाकडच्या पोरांना कुठं लांब गाडी मिळतीय." पुढच्या रविवारी हे मैदानात चुन्याची बादली घेऊन गेले. अजून नेतात. ठाण्यात जाऊन सांगू या, असे मात्र आम्ही दोघांपैकी कोणीच म्हणालो नाही.

काही महिन्यांनी तो मला भाजीबाजारात भेटला. आता एका गोदामात पोती उचलतो.

"काका बरे आहेत ना?" त्याने विचारले.

माझ्या तोंडून निघून गेले, "तुला तेव्हा हिंदी येत असती तर..."

"कळत होतं काकू," तो म्हणाला. "बोलायला तेवढं सुचत नव्हतं." मग माझ्या हातातली जड पिशवी घेऊन त्याने ती रिक्षात ठेवून दिली.

आमचे साहेब नव्या शिपायांना नेहमी सांगत, जबाब घेताना कागदाकडे बघू नका, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघा. त्या दिवशी सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. बोलत मी होते.