शेजाऱ्यांची कुत्री

मोन्सेफू गावाच्या बाजारामागच्या गल्लीत हर्मेलिंदा पुइकोनची खानावळ. दारातल्या बांबूला पांढरं फडकं बांधलेलं दिसलं की समजायचं, आज चिचा, म्हणजे मक्याची दारू, ताजी उतरली आहे. तिथे दोन गोष्टी फुकट मिळायच्या. एक म्हणजे चिचेबरोबर भाजलेला मका आणि दुसरी, तिच्या कुत्रीला नावं ठेवलीत तर हर्मेलिंदाकडून खरडपट्टी. या दुसरीसाठीच येणारी काही गिऱ्हाइकं होती, हे तिला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

कुत्रीचं नाव ब्रासा, म्हणजे निखारा. जात विरिंगो. अंगावर केसाचं नाव नाही, डोक्यावर तेवढा राठ केसांचा एक तुरा. कातडी पाटीसारखी काळीकरडी आणि दात निम्मेच, त्यामुळे जीभ कायम एका बाजूने बाहेर. आमच्या किनाऱ्यावर ही जात पुराणकाळापासूनची, जुन्या मडक्यांवरही ती दिसते. पण म्हणून ती सगळ्यांना आवडावी असं थोडंच आहे? चिक्लायो शहरातून आलेली माणसं तर तिला बघून पाय वर घेऊन बसायची.

"मावशी, हिला खरूज झालीय काय हो?" असं कुणी नवख्याने विचारलं की जुनी गिऱ्हाइकं घास हातात धरून थांबत.

"खरूज? अरे, हिची कातडी तुझ्या बायकोच्या गालापेक्षा मऊ आहे. हात लावून बघ, मग घरी जाऊन रड."

शेजारच्या भिंतीला भिंत लावून कासिमिरो सुताराचं घर. त्याचं डोकं गुळगुळीत आणि जीभ हर्मेलिंदाच्या तोडीस तोड. रोज संध्याकाळी तो चिचा प्यायला यायचा आणि आल्या आल्या खडा टाकायचा.

"हर्मेबाई, तुमच्या पोरीला काहीतरी घाला हो अंगात. नागडी फिरते, आम्हालाच लाजल्यासारखं होतं."

"आधी तू टोपी घाल. तुझं टक्कल बघून माझी माणसं जेवण टाकून उठतात."

हाच कासिमिरो थंडीच्या दिवसांत, समुद्रावरून धुकं यायला लागलं की, मागच्या दाराने हळूच यायचा. गुडघे धरलेले असायचे. विरिंगोचं अंग कायम गरम असतं. सांधे दुखले की तिला मांडीवर घेऊन बसावं, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत.

"ती... रिकामी आहे का जरा?" तो जमिनीकडे बघत विचारायचा.

"काल उंदीर म्हणाला होतास ना? उंदीर घरात नाही."

"बरं बाई, उंदीर नाही. राणी आहे, राणी. द्या आता."

मग ती द्यायची. हर्मेलिंदाचे स्वतःचे गुडघेही तसेच होते. नवरा गेल्यापासून ब्रासा तिच्या पायांशी निजायची, आणि त्या उबेवर तिने कितीतरी हिवाळे काढले होते.

आता या तोंडाळपणाची किंमत कुणी मोजली, तर तिच्या मुलाने. बेतो चिक्लायोत औषधाच्या दुकानात कामाला होता. पस्तिशीला आलेला, शांत. त्याचं एकदा नेलिदा नावाच्या मुलीशी जमलं होतं. नेलिदाची आत्या घर बघायला आली आणि टेबलाखालची ब्रासा बघून नाकाला रुमाल लावून म्हणाली, "हे असलं जनावर जेवणाच्या जागी? शी!"

हर्मेलिंदा काय गप्प बसते! "बाई, ही रोज आंघोळ करते. तुमच्याबद्दल मला तेवढी खात्री नाही."

खानावळ हसून लोळली. आत्या उठली, तिच्यामागून नेलिदा उठली आणि जमलेलं लग्न मोडलं. हर्मेलिंदा पुढचं वर्षभर हा किस्सा रंगवून सांगायची. एकदा सांगता सांगता तिचं लक्ष गेलं, तर बेतो भरलेलं ताट तसंच ठेवून बाहेर निघून जात होता. त्यानंतर तिने तो किस्सा पुन्हा सांगितला नाही.

म्हणून बेतोने रोसौराचं नाव काढलं तेव्हा हर्मेलिंदाने मनाशी गाठ मारली, की या वेळी आपण तोंड आवरायचं. रोसौरा मुलगी गोड. ती ब्रासाला घाबरत नसे, पण कुरवाळतही नसे. तिची आई ओतिलियाबाई पहिल्यांदाच जेवायला येणार होती. बेतोने सहज हसत सांगितलं, "तुकुमेला जुने मातीचे पिरॅमिड बघायला गेलो होतो ना, तिथे विरिंगो पाळलेत. त्यांना बघून रोसौराची आई किंचाळलीच. म्हणते, हा कुत्रा आहे की सोललेला उंदीर!"

एरवी उलट उत्तरात हर्मेलिंदाने सोललेल्या माणसांपर्यंत मजल मारली असती. त्या दिवशी ती म्हणाली, "असं होय," आणि कांदा चिरत राहिली.

कुत्रीला लपव असं बेतो म्हणाला नव्हता. रोसौराही म्हणाली नव्हती. हर्मेलिंदाने ते आपणहून केलं, हे नीट लक्षात ठेवायला हवं. कारण पुढे तिने स्वतःला ते एक दिवसही विसरू दिलं नाही.

फेब्रुवारीचा रविवार, म्हणजे आमच्याकडे भर उन्हाळा. पाहुण्यांसाठी बदकाचा भात शिजत होता. आमच्याकडे घरोघरची कुत्री गच्चीवरच असतात. वरून गल्लीवर भुंकायचं आणि पाण्याच्या टाकीच्या आडोशाला झोपायचं, हा त्यांचा संसार. त्यामुळे ब्रासाला वर ठेवायचं सुचलं यात वावगं काहीच नव्हतं. फक्त त्या कुत्र्यांना केस असतात. ब्रासा कधी गच्चीवर राहिलीच नव्हती. उन्हाळ्यात ती स्वयंपाकघराच्या गार फरशीवर पडून असायची, आणि अंगणात जायचं तर हर्मेलिंदा आधी तिला तेल चोळायची. तेल चोळायचं त्या दिवशी घाईत राहिलं. टाकीची सावली चांगली लांब पडली होती. पायऱ्या उतरून खाली येईल म्हणून तिने ब्रासाला तिथे आखूड दोरीने बांधलं, पाण्याचं भांडं ठेवलं आणि म्हणाली, "तासाभराचा प्रश्न आहे, बाळा. गुपचूप बस."

ओतिलियाबाई आल्या त्या भलत्याच मोकळ्या निघाल्या. भाताचं कौतुक केलं, बदक कुणाकडून घेतलं ते विचारलं, हर्मेलिंदाच्या गेलेल्या नवऱ्याच्या तसबिरीपुढे क्षणभर उभ्या राहिल्या. जेवण आटोपत आलं तेव्हा हर्मेलिंदाला वाटलं, आता एकदा वर जाऊन यावं. तेवढ्यात बेतोने चिचेचा घडा मध्ये ठेवला आणि पोतो भरला.

पोतो म्हणजे भोपळ्याचा वाडगा. टेबलाभोवती कितीही माणसं असोत, तो एकच. एकाने प्यायचा, दुसऱ्याला भरून द्यायचा, आणि फिरत ठेवायचा. घडा संपेपर्यंत उठायचं नाही. पाहुणा उठला तर एकवेळ चालेल. यजमानीण उठली तर त्याचा अर्थ, चला आता, निघा. सोयरीक ठरण्याच्या पंगतीत तर कुणी शिंकायलाही बाजूला जात नाही.

पोतो फिरत राहिला. ओतिलियाबाई रंगात येऊन आपल्या लग्नाची गंमत सांगत होत्या. वरून बारीक कण्हल्यासारखा आवाज आला. मग पुन्हा.

ओतिलियाबाई थांबल्या. "कुत्रं रडतंय का हो कुठे?"

बेतोने आईकडे पाहिलं. आईने बेतोकडे पाहिलं नाही.

"शेजाऱ्यांचं असेल," हर्मेलिंदा म्हणाली. "त्यांचं नेहमीचंच आहे. घ्या ना, तुमची पाळी."

तिच्या मनात सूर्य होता. टाकीची सावली आता कुठवर आली असेल, याचा हिशेब तिच्या डोक्यात सारखा चालू होता, आणि तरी तिने पोतो भरला, हसली, पुढे केला. काही वेळाने वरचा आवाज बंद झाला. तिला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची तिला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

पाहुण्यांची गाडी वळणाआड गेली तशी ती गुडघे विसरून पायऱ्या चढली. माध्यान्हीला सूर्य थेट डोक्यावर येतो, टाकीची सावली टाकीखालीच जाते, हे मोन्सेफूत जन्म काढलेल्या बाईला काय कुणी शिकवायला हवं होतं? पाण्याचं भांडं कलंडलेलं होतं. दोरी कापलेली होती. आणि कासिमिरो नुसत्या बनियनवर, उन्हाकडे पाठ करून उकिडवा बसला होता. बाहेरून घरी आल्यावर आवाज ऐकून तो कठड्यावरून इकडे आला होता. त्याने भांड्यात उरलेल्या पाण्यात आपला शर्ट भिजवून ब्रासाला पांघरला होता आणि उचलू गेलं की ती कळवळत होती म्हणून वर स्वतःची सावली धरली होती. त्याचं टक्कल लालबुंद झालं होतं.

हर्मेलिंदाला वाटलं, आता हा बोलणार. बोलावं, असंच तिला वाटत होतं.

"पाणी आणा," एवढंच तो म्हणाला.

शर्ट उचलला तेव्हा ब्रासाची पाठ फोडांनी भरलेली होती. जनावरांच्या डॉक्टरांनी मलम दिलं, हर्मेलिंदाने कोरफडीचा गर लावला, दिवस दिवस ओल्या फडक्यांनी शेजारी बसून काढले. ब्रासा जगते की जाते अशी दोनदा वेळ आली. तापाने फणफणलेली असतानाही ती एकदा सरपटत आली आणि सवयीप्रमाणे हर्मेलिंदाच्या गुडघ्याला टेकली. गुडघ्याला बरं वाटलं. त्या उबेने बरं वाटलं म्हणून हर्मेलिंदा तोंडात पदर कोंबावा तसा एप्रनचा बोळा कोंबून रडली.

ब्रासा वाचली. पाठीवर मात्र पांढरेगुलाबी चट्टे कायमचे राहिले. आधी कुरूप म्हणायचे ते आता बघायचंच टाळायला लागले. "मावशी, आता तरी खरूज आहे म्हणाल ना?" कुणी चेष्टेने विचारलं. जुनी गिऱ्हाइकं घास धरून थांबली. हर्मेलिंदाने त्याच्यापुढे मका ठेवला आणि आत गेली. ज्या कुत्रीपायी ती अख्ख्या गावाशी भांडली, तिला गावातल्या कुणी कधी साधा खडा मारला नव्हता. मारणारी निघाली ती स्वतःच. कासिमिरोनेही खडे टाकणं सोडलं. तो येऊन मुकाट चिचा प्यायचा आणि जाताना ब्रासाच्या तुऱ्यावर बोट फिरवायचा. त्याने शिव्या घातल्या असत्या तर तिला परवडलं असतं.

लग्नाची तारीख ठरवायला ओतिलियाबाई आणि रोसौरा पुन्हा आल्या तेव्हा हर्मेलिंदाने ब्रासाला कुठेही ठेवलं नाही. ती स्वयंपाकघरात फरशीवर होती. त्या दिवसाबद्दल विचारतील तेव्हा आपण सांगू, असं हर्मेलिंदाने ठरवलं होतं; पण कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. नव्या जोडप्याचा पलंग कासिमिरो करणार होता, म्हणून तोही टेबलाशी होता. जेवण झालं, घडा आला, पोतो फिरायला लागला आणि ब्रासा जीभ लोंबवत बाहेर आली.

ओतिलियाबाईंनी पाय वर घेतले. मग त्यांना पाठ दिसली.

"अगं बाई! उन्हाने भाजलीय ही! ही तीच का, त्या दिवशी वर रडत होती ती? शेजाऱ्यांची?"

बेतोचा चेहरा पडला. ओतिलियाबाई कासिमिरोकडे वळल्या. "म्हणजे तुमची! भिंतीला भिंत लावून राहता, आताच म्हणालात. अहो, मला ही जात बघवत नाही, खरं सांगते. पण बिनकेसाचं जनावर त्या उन्हात? दगड आहे का छातीत? कसलं हो तुमचं काळीज?"

कासिमिरोने हर्मेलिंदाकडे एकदाच पाहिलं. मग टकलावरून हात फिरवला आणि मान खाली घातली.

"हो बाई," तो म्हणाला. "चुकलंच माझं."

पोतो तेव्हा हर्मेलिंदाच्या हातात होता, काठोकाठ भरलेला. तिने तो खाली ठेवला आणि उभी राहिली. भरल्या पोतोवरून यजमानीण उठलेली त्या घरात कुणी पाहिली नव्हती. रोसौरा दचकली; तिला वाटलं, आपल्याला घालवताहेत.

"याने नाही बांधलं. याने सोडवलं," हर्मेलिंदा म्हणाली. "कुत्री माझी आहे. पहिल्यापासून माझीच. मी बांधलं तिला वर. ती रडत होती ते मला ऐकू येत होतं. मी इथे बसून तुम्हाला चिचा वाढत होते."

बेतो टेबलाच्या लाकडाकडे बघत होता.

"पण का?" ओतिलियाबाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं.

"तुम्हाला ती आवडणार नाही, असं वाटलं."

"नाहीच आवडत," ओतिलियाबाई म्हणाल्या. "आजही नाही आवडत. पण म्हणून मी तिला उन्हात बांधलं नसतं."

हर्मेलिंदाने मान डोलावली. ती तशीच उभी राहिली. ब्रासा तिच्याजवळ आली आणि आपली चट्टे पडलेली पाठ तिच्या दुखऱ्या गुडघ्याला लावून उभी राहिली.