निजवलेली बाहुली
डांबरगोळ्यांचा वास आला की वेलचेरीतल्या आमच्या शेजारच्या अक्का आठवतात. त्यांनी आणि नवऱ्याने ठरवून मूल होऊ दिलं नव्हतं. ‘म्हातारपणी रडाल’ या संतापजनक धमकीला उत्तर म्हणून मला, त्यांच्यासारखंच मूल नको असलेल्या आमच्या गटाच्या पत्रकात, त्यांचंच उदाहरण छापायचं होतं. दसऱ्याच्या संध्याकाळी त्यांनी नवरात्रात मांडलेल्या बाहुल्यांपैकी एक, सण संपल्याची खूण म्हणून, त्यांच्या तमिळ रिवाजाप्रमाणे आडवी निजवली. मी सरळच विचारलं, “अक्का, पश्चात्ताप होतो?” “मूल तेव्हा नको होतं, आजही नको,” त्या म्हणाल्या. “पण पुढच्या वर्षी मी नसले, तर हिला तू उठवून मांडशील ना, कण्णा?” त्यांच्या त्या लाडाच्या ‘कण्णा’ला मी हसून हो म्हटलं. पुढच्या नवरात्राला अक्का नव्हत्या. पत्रकातलं एक अक्षरही मी मागे घेणार नाही. त्यांच्या घरून माझ्याकडे आलेली ती बाहुली मात्र माझ्या कपाटात, डांबरगोळ्यांत, अजून आडवीच आहे. तिला उठवलं, तर एक दिवस मलाही कुणाला तरी हेच विचारावं लागेल.