वाकडं चाक आणि बंद दार

भावोजी गेल्याची तार तंजावरला आली तेव्हा मी कचेरीत होतो. कुंभकोणमला पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. अक्का, माझी थोरली बहीण, ओसरीवर बसली होती. मला पाहताच म्हणाली, "जेवलास काय?" ...आणि मग रडली. आता दीड-दोन महिने झाले. पण भावोजी आठवले की मला अजून हसूच येतं.

ते कोर्टात कारकून. त्यांनी सायकल घेतली तेव्हा मी नवीन नोकरीमुळे कुंभकोणमच्या मेलकावेरी भागात त्यांच्याच घरी राहत होतो. एका पहाटे, अक्काच्या सासूबाई उठायच्या आत, त्यांनी अक्काला मागच्या कॅरिअरवर बसवलं आणि तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या गणपतीला निघाले. बायको सायकलवर! आमच्या तंजावरी मराठी लोकांनी तोंडात बोटं घातली असती. दारासुरमजवळ म्हैस आडवी आली. म्हैस जागची हलली नाही. ही दोघं भाताच्या खाचरात, आणि पुढचं चाक तळलेल्या अप्पळ-पापडासारखं वाकडं.

दुकानात न्यावं तर दुकानदार विचारणार, आणि संध्याकाळपर्यंत गावभर होणार. म्हणून भावोजींनी मागचं दार बंद करून मला तिथे राखणीला उभं केलं, मागच्या अंगणात सायकल उलटी ठेवली आणि चाक काढून पायाखाली दाबलं. ते दुसऱ्या बाजूला वाकलं.

"काय रे तो आवाज?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"नारळ सोलतोंय, अम्मा."

दुपारी जेवताना त्या माउलीने खोबऱ्याची चटणी मागितली.

अक्का बोलत नव्हती. तिची नवी साडी चिखलात गेली होती. भावोजींनी चाक परत बसवलं. ते एका हाताने चाक फिरवत, दुसऱ्या हाताने कडेला खडू धरत. जिथे चाक बाहेर येई तिथे खडू लागे, तिथला स्पोक आवळायचा. पण पाना उचलला की खडू पडे, खडू उचलला की पाना. शेवटी अक्का स्वयंपाकघरातून तरातरा आली आणि तिने खडू हिसकावला.

"फिरवा... येथें लागतें. आवळा. अहो, इतकें नको!"

दिवसभरातलं तिचं हे पहिलं बोलणं. मग दोघं म्हशीवरून भांडू लागली.

"घंटा वाजवायची होती."

"म्हशीला घंटा कळते होय?"

...आणि दोघांनाही हसू आवरेना.

तेवढ्यात सासूबाई अंगणात आल्या. "झाली काय सायकल? दूधवाल्याने सकाळींच सांगितलें. सूनबाई, कानामागे चिखल आहे, धुऊन घे. आणि तूं रे, पुढच्या खेपेस हिला उजेडांत ने. अंधारांत म्हैस दिसत नाही."

पुढच्या शुक्रवारी दोघं भर उजेडात, सगळ्या आळीसमोरून गेली. अक्काने मान खाली घातली होती, भावोजींनी मात्र दर घरापाशी घंटा वाजवली.

ते चाक शेवटपर्यंत थोडं डोलतच राहिलं. परवा गेलो तेव्हा मी सायकल बाहेर काढली. म्हटलं, दुकानात नेऊन एकदाचं सरळ करून आणतो. अक्काने माझ्या हातातून हँडल काढून घेतलं.

"राहूं दे तें. आम्ही दोघांनी मिळून केलेलें आहे."